त्यांनी आपल्याला काजू ‘दिला’ म्हणे!

गेल्या एप्रिलमध्ये बायकोच्या मामांकडे जेवायला गेलो होतो. फोंड्याच्या बाजूचे जुने घर, मागे कुळागर, त्याच्या वर काजूचा डोंगर. बोंडूंचा वास अंगणभर पसरलेला. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. लहानपणी पोर्तुगीज शाळेत थोडे शिकले, मग मराठी शाळेत गेले, पुढे बँकेत नोकरी केली. वाचन दांडगे. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडते, कारण ते कितीही रागावले तरी वाढायचे थांबवत नाहीत.

हुर्राकचे ग्लास समोर आले आणि मामा म्हणाले, “आरे, पुर्तुगेज आयलेच नाशिल्ले जाल्यार तुका हो काजू खंय मेळटालो? मिरसांग ना, बटाट ना, पाव ना. कितें खातलो आशिल्लो तूं?”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य घशात अडकल्यासारखे झाले होते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. खाद्यमहोत्सवात ऐकले आहे, पर्यटनाच्या पत्रकात वाचले आहे, आपल्या मराठी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांतही ते दर दोन-चार महिन्यांनी उगवते. पोर्तुगीजांनी आपल्याला अमुक दिले, तमुक दिले. आपण मुकाट्याने मान डोलावतो, आणि फार तर कोणी तरी म्हणतो, “पण देवळे पाडली ना!” मग देवळे एका पारड्यात, काजू दुसऱ्या पारड्यात, आणि तराजू जमेल तसा हलत राहतो.

माझे भांडण त्या ‘दिले’ या क्रियापदाशी आहे.

देणारा तो, ज्याची वस्तू असते. काजू पोर्तुगालमध्ये पिकत नव्हता. तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा. ‘काजू’ हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी लोकांचा, पोर्तुगीज तोंडातून फिरून आपल्याकडे आलेला. अननसही त्याच भाषाकुळातला. आणि बटाटा? तो शब्द कॅरिबियन समुद्रातल्या ताईनो लोकांचा. त्यांच्याकडे तो रताळ्याचा शब्द होता, युरोपात जाऊन त्याची अदलाबदल झाली. म्हणजे आपण बटाटावडा मागतो तेव्हा एका अशा समाजाचा शब्द उच्चारतो, जो त्या शब्दाच्या पहिल्या प्रवासानंतर पन्नास-साठ वर्षांत समाज म्हणून जवळजवळ पुसला गेला. कोलंबस १४९२ मध्ये तिथे उतरला. त्यावेळी हिस्पॅनिओला बेटावर किती ताईनो होते यावर विद्वान अजून भांडत आहेत. पण १५१४ मध्ये स्पॅनिश वसाहतवाल्यांत माणसे वाटून देण्यासाठी जी मोजणी झाली, तीत सुमारे २६ हजार भरले. सोन्याच्या खाणी, उपासमार, मारझोड, आणि १५१८ च्या अखेरीस आलेली देवी. पुढे मोजायला फारसे कोणी राहिले नाही.

हे कोणा वसाहतविरोधी प्राध्यापकाने विसाव्या शतकात शोधून काढलेले नाही. १५११ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन पाद्र्याने समोर बसलेल्या स्पॅनिश जमीनदारांना तोंडावर विचारले होते की ही माणसे नाहीत का, यांना आत्मा नाही का. बार्तोलोमे दे लास कासासचे त्या संहारावरचे पुस्तक १५५२ मध्ये छापून निघाले. तेव्हा ‘त्या काळी तसेच असायचे, आजच्या फूटपट्टीने मोजू नका’ हे जे आपल्याकडे शहाणपणाने सांगितले जाते ना, त्याचे उत्तर त्या काळातच दिले गेलेले आहे. त्याच काळची फूटपट्टी होती, आणि तिने मोजणारेही त्यांच्यातलेच होते. (याच लास कासासने सुरुवातीला ताईनोंना वाचवण्यासाठी आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना केली होती, आणि नंतर त्याचा त्याला जन्मभर पश्चात्ताप झाला, हेही नोंदवले पाहिजे.)

ब्राझीलमध्ये पेद्रु आल्व्हारिश काब्राल २२ एप्रिल १५०० रोजी पोहोचला. निघाला होता आपल्याकडे, कालिकतला. दहा-अकरा दिवस थांबला, क्रूस रोवला आणि पुढे मलबारात येऊन त्याने कालिकतवर तोफा डागल्या. एकाच सफरीत दोन्ही. तिथे तुपींची जमीन गेली, उसाचे मळे आले, पाठोपाठ साथी आल्या. बाहियात १५६२-६३ च्या देवीने गावेच्या गावे ओस पडली. मळे तर चालायला हवे होते. मग माणसे कुठून आणायची?

इथे काजूच्या गोष्टीत आफ्रिका येते, आणि इथून पुढे ‘दिले’ हे क्रियापद माझ्या तोंडून निघतच नाही.

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला लागोश नावाचे बंदर आहे. ८ ऑगस्ट १४४४ रोजी तिथे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसे उतरवली गेली आणि शहराबाहेरच्या मैदानात त्यांची वाटणी झाली. आई एका वाट्यात, मूल दुसऱ्या वाट्यात. हे सांगणारा झुरारा हा राजाचाच बखरकार. त्याला स्वतःला ते पाहवले नाही, डोळ्यांत पाणी आले, असे तो लिहितो. आणि मग या लोकांचे आत्मे तरले म्हणून देवाचे आभारही मानतो. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा पाहत होता. हाच तो ‘नाविक हेन्री’, ज्याची गोष्ट मुलांना साहसकथा म्हणून सांगितली जाते. त्याच लागोशमध्ये २००९ साली गाड्या ठेवण्याचा तळ बांधण्यासाठी खणताना जुन्या शहराच्या उकिरड्यात १५८ आफ्रिकनांचे सांगाडे सापडले. काहींचे हात बांधलेले असावेत असे संशोधकांना दिसले. पुरलेलेही नव्हते, टाकलेले होते.

आणि याला कायद्याचा कागदही होता. पोप पाचवा निकोलस याने १४५२ मध्ये आणि पुन्हा १४५५ मध्ये आज्ञापत्रे काढून पोर्तुगालच्या राजाला मुसलमानांना आणि मूर्तिपूजकांना जिंकून कायमच्या गुलामीत टाकण्याची मुभा दिली. त्या ‘मूर्तिपूजक’ शब्दात मामांचे आणि माझे पूर्वज आपोआप बसत होते, अजून गोव्याचे नावही तिकडे कोणाला नीट माहीत नव्हते तेव्हापासून! व्हॅटिकनने ‘शोधाचा हक्क’ सांगणाऱ्या त्या सिद्धांताशी आपला संबंध नाही असे जाहीर केले ते ३० मार्च २०२३ रोजी. साडेपाचशे वर्षांनी. उशिरा का होईना.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नाही आणि मामांच्या युक्तिवादाचा खरा कस तिथे लागतो.

मामांचे दुसरे आवडते म्हणणे असे की पोर्तुगीज क्रूर झाले ते विरोध झाला तिथे. जिथे लोकांनी समजून घेतले तिथे त्यांनी बरोबरीने वागवले. तर कोंगोचे राज्य पाहा. आजच्या उत्तर अंगोला आणि काँगो नदीच्या मुखाकडचा प्रदेश. दियोगु कांव १४८० च्या दशकात तिथे पोहोचला. तिथला राजा १४९१ मध्ये आपणहून ख्रिस्ती झाला. तलवार नव्हती, सक्ती नव्हती. त्याचा मुलगा म्व्हेम्बा अ न्झिंगा, ख्रिस्ती नाव आफोन्सो, १५०९ च्या सुमारास गादीवर आला. त्याने चर्च बांधली, शाळा काढल्या, मुलींनाही शिकवण्याची व्यवस्था केली, स्वतः पोर्तुगीज वाचायला-लिहायला शिकून कायद्याची पुस्तके चाळली. मुलाला युरोपात पाठवले, तो १५१८ मध्ये बिशप झाला. याहून अधिक ‘समजून घेणे’ काय असते? पोर्तुगालच्या राजाला तो बंधू म्हणून पत्रे लिहीत असे.

त्याच आफोन्सोने १५२६ मध्ये लिस्बनला तिसऱ्या जुवांव राजाला पत्रे पाठवली. ती आजही उपलब्ध आहेत. त्यांचा आशय असा, की तुमचे व्यापारी रोज आमची माणसे पळवत आहेत, सरदारांची मुले, आमचे नातलगसुद्धा. देश ओस पडत चालला आहे. आम्हाला तुमच्याकडून पाद्री हवेत, मुलांना शिकवायला थोडे शिक्षक हवेत, आणि पूजेसाठी लागणारी वाइन आणि पीठ. बाकी माल नको. या राज्यात गुलामांचा व्यापार नको. त्याच वर्षी त्याने वैद्य आणि औषधे जाणणारे पाठवा अशीही विनंती केली, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाची आधी चौकशी करायला तीन अधिकारी नेमले.

विक्री थांबली नाही. साओ तोमे बेटावरच्या उसाच्या मळेवाल्यांना माणसे हवी होती, आणि लिस्बनला कर हवा होता. १५४० च्या सुमारास ईस्टरच्या प्रार्थनेला बसलेल्या आफोन्सोवर काही पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, तो वाचला. मी त्याला संत करत नाही. तो स्वतः गुलाम बाळगत होता, लढाईतले कैदी विकतही होता. त्याची तक्रार मुख्यतः स्वतंत्र रयत पळवली जाते ही होती. पण व्यापार कोणाच्या नियमांनी चालणार हा प्रश्न त्याने लेखी विचारला आणि त्याचे उत्तर त्याला जहाजांनी दिले. १६६५ मध्ये म्बविलाच्या लढाईत कोंगोचा राजा पहिला आंतोनियो मारला गेला, त्याचे शीर कापून लुआंडाला नेले. तोही ख्रिस्तीच होता. मारणाऱ्या फौजेत ब्राझीलहून आलेले शिपाईही होते.

‘आफ्रिकनांनीच आफ्रिकनांना विकले’ हे वाक्य मला लगेच ऐकू येते आहे. खरे आहे, विकले. आपल्याकडेही किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून बाहेरून आलेल्याचा हिशेब माफ होतो का? आणि गुलामी आधीपासून होती, हेही खरे. पण आधीच्या गुलामीला अटलांटिक महासागराएवढे तोंड नव्हते. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदी एकेक करून गोळा केल्या आहेत. त्यांच्या अंदाजाने साडेतीनशे वर्षांत सुमारे एक कोटी पंचवीस लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली. उतरली सुमारे एक कोटी सात लाख. मधली अठरा लाख समुद्रात. यातली सुमारे ५८ लाख माणसे पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांवर होती. इंग्रजांपेक्षा जास्त, फ्रेंच-डचांपेक्षा कितीतरी जास्त. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास उतरवली. तिथे गुलामगिरी संपली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी.

‘इंग्रजांपेक्षा पोर्तुगीज बरे, त्यांना रंगभेद नव्हता’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वहीत उतरवून ठेवावा.

हे ‘रंगभेद नव्हता’ प्रकरणही आपसूक जन्मलेले नाही. त्याला जनक आहे. गिल्बेर्तु फ्रेयरे हा ब्राझीलचा मोठा समाजशास्त्रज्ञ. त्याचे मळेवाल्यांच्या वाड्यावर आणि गुलामांच्या चाळीवर लिहिलेले पुस्तक १९३३ चे. पुस्तकात पुष्कळ मोलाचे आहे, नाही असे नाही. पण पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधात सहज मिसळतो, लग्ने करतो, भेद करत नाही, या त्याच्या सिद्धांताचा सालाझार सरकारला भलताच उपयोग दिसला. १९५१ मध्ये त्या सरकारने घटना बदलून वसाहतींचे ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नामकरण केले, आणि त्याच सुमारास फ्रेयरेला सरकारी पाहुणा म्हणून वसाहतींतून फिरवून आणले. तो गोव्यातही येऊन गेला. म्हणजे जगात वसाहती सुटू लागल्या तेव्हा पोर्तुगालला एक सबब हवी होती, ती त्याने शिवून दिली, आणि आपण ती अजून अंगात घालून हिंडतो!

आणि ही सबब गोव्यात का चालली? कारण आपल्याला खरोखरच वेगळे वागवले जात होते. अंगोला, मोझांबिक आणि गिनीतल्या काळ्या माणसाला ‘इंदिजिना’ ठरवणारा वेगळा कायदा १९६१ पर्यंत होता. त्याला नागरिकत्व नव्हते, सक्तीची मजुरी होती. नागरिक व्हायचे तर पोर्तुगीज येते, तो ‘सुधारला’ आहे असे सिद्ध करावे लागे. १९५० च्या सुमारास अंगोलातल्या काळ्या लोकसंख्येपैकी एक टक्काही या चाळणीतून पार झाले नव्हते. गोमंतकीयाला हा कायदा लागू नव्हता. आज मामांचा धाकटा मुलगा ज्या पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशात नोकरी करतो, त्याची मुळे त्या कागदी फरकातही आहेत. पोरगा गेला याबद्दल माझी तक्रार नाही. इथे नोकऱ्या असत्या तर गेला नसता. पण तो कागद म्हणजे पोर्तुगीजांच्या समभावाचा दाखला, असे म्हणू नये एवढेच.

आता अवघड भाग. इथे मामा गप्प झाले होते आणि मलाही लिहिताना हात आखडतो आहे.

मराठीत आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो. भवानीच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ही कवडी मुख्यतः मालदीवची. तिथून ती बंगालमध्ये, कोची-गोव्याच्या बाजूला येई. आणि आधी पोर्तुगीज, मग डच-इंग्रज जहाजे तळाला वजन म्हणून ती भरून युरोपला नेत. तिथे लिलाव होई आणि पोती पश्चिम आफ्रिकेला जात, कारण तिथे कवडी हे नाणे होते. अठराव्या शतकात इंग्रज आणि डचांनी मिळून सुमारे हजार कोटी कवड्या अशा नेल्या असा हिशेब आहे. बेनिनच्या आखातात त्यांनी माणसे विकत घेतली. कवडीमोल हा शब्द मला त्यानंतर पूर्वीसारखा वापरता येत नाही.

नुसती कवडी नाही, कापडही. गुजरातच्या आणि कोरोमंडलच्या विणकरांचे कापड नसते तर गुलामांचा व्यापार लंगडा पडला असता, कारण आफ्रिकेतल्या विक्रेत्याला युरोपचे जाडेभरडे कापड पसंत नव्हते. मोझांबिकमध्ये तर गुजराती कापड हेच चलन होते. दीवच्या व्यापाऱ्यांना १६८६ मध्ये दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला. कापड गेले, हस्तिदंत आले, त्याच्या बांगड्या गुजरातेतल्या नवऱ्यामुलींच्या हातात गेल्या. हस्तिदंताबरोबर माणसेही येत. तंबाखूचे तसेच. बाहियाच्या मळ्यांत गुलामांनी पिकवलेल्या तंबाखूतला हलका माल, गूळपाण्यात भिजवून वळलेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी गुलाम घ्यायला जाई. आणि ब्राझीलचीच तंबाखू गोव्यातही येई. तिचा मक्ता सरकारी, लिलावात घेणारे बहुतेक इथलेच हिंदू सावकार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तपकिरीच्या डबीला तो वास होता.

आणि मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत असे. जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैतावर लिलावात माणसे विकली जात, हे लिन्शोटेन आणि पिरार द लाव्हाल या दोन्ही परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच व्यापारी गोव्यातून गुलाम नेत, त्यात पणजीच्या एका नामांकित हिंदू घराण्याने दलालीचे काम केले होते. त्या घराण्याच्याच दप्तरावरून तेओतोनियो डिसोझा यांनी ते मांडले आहे. दप्तर जपून ठेवले आणि अभ्यासकांना खुले झाले, हे त्या घराण्याचे आपल्यावर उपकारच आहेत. एकोणिसाव्या शतकात म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा मोझांबिकमध्ये गुलाम-शिपायांची खासगी फौज बाळगून गोरोंगोझाच्या मुलखात राजासारखा राहत होता. तेव्हा हिंदू-ख्रिस्ती अशी वाटणी इथे करू नका. या वहीत दोघांचीही सही आहे.

म्हणूनच ‘पण देवळे पाडली ना!’ म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षावरही माझा राग आहे. आपली जखम तेवढी जखम. १५१० पासूनचा आपला छळ तोंडपाठ, पण त्याच राजाच्या जहाजांच्या तळात साखळीत कोण होते याची विचारपूस नाही. लहानपणी मला आजी दटावायची, “न्हिदना जाल्यार खापरी व्हरतलो!” पोर्तुगीज लष्करातल्या आफ्रिकन शिपायांना आपल्याकडे खापरी म्हणत. पाखल्याला आपण भ्यायलो आणि खापऱ्याची भीती पोराला घातली. २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, त्यानंतर या राज्यात जबाबदार लोकांच्या तोंडून आफ्रिकनांविषयी जे शब्द निघाले ते आठवून पाहा. त्यात अमली पदार्थांच्या धंद्याविषयीचा राग किती आणि आजीचा खापरी किती? यल्लापूर-हल्याळकडे, खानापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून पळालेले गुलाम. कोकणी बोलतात. आपले शेजारी, आपल्याच इतिहासातून पळून गेलेले, आणि आपण तिकडे धबधबे पाहायला जातो.

सगळेच काळे आहे असे नाही. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकमधले बंड मोडायला जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला, हत्यारे घेऊन सत्तरीत नाणुसच्या किल्ल्याकडे गेले आणि राणे त्यांना मिळाले. ते आफ्रिकनांच्या प्रेमापोटी नाही गेले. समुद्र ओलांडणे, घरदार, पगार ही त्यांची कारणे होती. खोटे कशाला सांगू? पण गोऱ्याच्या वतीने काळ्याला मारायला ते गेले नाहीत, एवढे तरी घडले. पुढे एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची परिषद भरली, तीत अंगोला, मोझांबिक, गिनीबरोबर गोव्याचेही लोक होते. बार्देशचे आकीनु द ब्रागांसा त्यातले. गोवा त्याच डिसेंबरात सुटला. ते मात्र आफ्रिकेतच राहिले, मोझांबिकच्या लढ्यात आयुष्य घातले, आणि १९ ऑक्टोबर १९८६ रोजी समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. मुक्तिदिनाच्या किती भाषणांत तुम्ही हे नाव ऐकले आहे? मी एकाही नाही.

एप्रिल २०२४ मध्ये पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलु रेबेलु द सौझा म्हणाले की गुलामगिरी आणि वसाहतींतल्या अत्याचारांची जबाबदारी पोर्तुगालने घ्यायला हवी, किंमत चुकवायला हवी. तिथे केवढा गदारोळ उठला! सरकारने लगेच हात झटकले. इथे आमच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आत कुठेतरी दोन परिच्छेदांत आली, आणि त्याच आठवड्यात एका महोत्सवाच्या जाहिरातीत पोर्तुगीजांनी गोव्याला दिलेल्या चवींचा गौरव होता.

मामांना मी हे सगळे त्या दिवशी जेवताना सांगितले नाही, अर्धेमुर्धे सांगितले. त्यांनी ऐकले. मग म्हणाले, “म्हणजे काजू खायचे न्हय?” मी म्हटले, “मामा, खाया. पूण कोणाचो तें सांगून खाया.”

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज थोडा घोगरा. म्हणाले, जुन्या पोर्तुगीज शाळेच्या पुस्तकात दियोगु कांवचे चित्र होते, जहाजाच्या शेजारी गुडघे टेकलेला एक काळा राजा होता, त्याचे नाव पुस्तकात नव्हते. “त्या राजाचें नांव कितें म्हणलेलें तुवें? परत सांग. बरोवन घेतां.”

मी सांगितले. म्व्हेम्बा अ न्झिंगा. त्यांनी दोनदा चुकीचे उच्चारले, तिसऱ्यांदा जमले.